पहिल्या फेरीला आत

तो आधी ठोकायचा, मग बोलायचा. कुठेही गेला की समोर जे असेल त्याच्यावर वाकवलेल्या बोटाने टकटक करायचा, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "इथं पोकळ हाय." दाराची फळी, चहावाल्याचं टेबल, एकदा तर माझ्या गॅरेजात आलेल्या सरपंचाची पाठ. सरपंच खोकत होता. हा ठोकून म्हणतो कसा, "इथंबी पोकळ हाय." सरपंच परत आला नाही.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. असली माणसं लांबून बरी वाटतात. मला त्याच्याशी काम पडलं आणि माझा राग अजून गेलेला नाही. नाव लिहीत नाही. त्याच्या घरचे वाचतील आणि भांडायला येतील. खाडीकाठचा माणूस, धरमतरला होड्यांवर फायबर चढवायचा, एवढं पुरे.

त्या वर्षी माझी बायको आजारी होती. रोग मणक्यात शिरला होता, बसवत नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला एकच हवं होतं, रोह्याला भावाच्या घरी जायचं. घराच्या मागच्या दारातून कुंडलिका दिसते. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलावतो.

"ॲम्ब्युलन्समधून माहेरी?" ती म्हणाली. "म्हंजे मी उतरायच्या आधीच सगळी रडायला बसतील. मी काय मेलेली हाय?"

माझ्या गॅरेजमागे एक ट्रेलर पडून होता. ट्रेलर म्हणजे जीपमागे जोडून न्यायचं फायबरचं घरच. आत पलंग, ओटा, खिडकीला पडदा. मुंबईच्या एका साहेबाचा. वडखळच्या वळणावर डंपरने त्याची कूस फोडली, तेव्हा साहेब तो माझ्याकडेच सोडून गेला. बायको रोज खाटेवरून त्याच्याकडे बघायची. एक दिवस म्हणाली, "त्यातनं न्या."

चाकं, सांगाडा, जोडणी मी केली. लोखंड मला कळतं. फायबर नाही कळत. म्हणून ह्याला बोलावलं.

आला, टकटक केली आणि ग्राइंडर लावला. डंपरने पाडलं होतं परातीएवढं भोक. ह्याने दुपारपर्यंत दरवाज्याएवढं केलं. मी ओरडलो, "अरे, तुला जोडायला बोलावलंय का मोडायला?"

"डंपरनं अर्धंच काम केलंय, मिस्त्री. उरलेलं मी करतोय."

"लांबीचा लगदा भर आणि रंग मार. बायको तेवढी थांबणार नाय."

"भेग लांब गेलीय. वरनं झाकली तर भिसे खिंडीत परत उघडंल. आतनं थर चढवावं लागंल."

बरोबर होतं की चूक, मला आजही सांगता यायचं नाही. मला दिवस दिसत होते. गणपती गेले होते, पाऊस जायचं नाव घेत नव्हता. आणि हा रोज सकाळी यायचा, हवेत हात फिरवायचा आणि म्हणायचा, "हवा ओली हाय. आज रेझिन घामंल, थर वाळायचा नाय. उद्या बघू." ते 'उद्या बघू' ऐकलं की माझं डोकं फिरायचं. आत बायको कण्हतेय आणि हा हवेला हात लावून बघतोय!

बायको उलट मलाच गप्प करायची. "भावजींना ओरडू नका. चहा विचारा."

शेवटी हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यातून त्याने मूर्ती वाळवायचे मोठाले दिवे मागून आणले. हंगाम संपला होता, त्यांनी दिले. दिव्यांच्या उबेत थर वाळले. आता झालं, असं मला वाटलं. बघतो तर ह्याने ट्रेलरच्या तळातली हवेची भोकंही बुजवलेली.

"ती हवेला ठेवलेली असतात!"

"खाली भोक? पाणी येईल की."

"अरे, ही गाडी रस्त्यावर पळणार हाय. खाडीत नाय!"

"वडखळचा रस्ता बघितलाव का अलीकडं?"

आतून बायको हसली. मी नाही हसलो. भोकं मी परत पाडली.

निघायच्या दिवशी तर हद्द झाली. बायकोला उचलून आत निजवलं, आणि हा मागोमाग आत शिरला.

"तू कुठं?"

"दुरुस्ती करणारा पहिल्या फेरीला आत बसतो. होडी बुडाली तर त्याच्यासकट. आमच्यात तशी रीत हाय."

"ही होडी नाय!"

"रीत रीत हाय."

"बसू द्या भावजींना," बायको म्हणाली. "तुमी गाडी हाका."

ट्रेलरमध्ये माणसं बसवून ओढू नये, असा नियम आहे, मला माहीत आहे. नियम करणाऱ्यांनी मोडक्या मणक्याच्या बाईला त्या खड्ड्यांतून एकदा नेऊन दाखवावं. मी बैलगाडीच्या चालीने नेलं. पेण सुटलं, नागोठणं गेलं. आरशात नुसती पांढरी भिंत दिसत होती.

भिसे खिंडीत जोडणी बघायला उतरलो तर आतून हसणं ऐकू आलं. माझ्या बायकोचं. धाप लागेपर्यंत हसत होती. तसं हसलेली किती महिन्यांत ऐकली नव्हती. मी दार उघडलं. हसणं तिथंच थांबलं.

"काय झालं?"

"काय नाय," ती डोळे पुसत म्हणाली. "चला तुमी."

रोह्याला कोणी रडलं नाही. पोरंटोरं ट्रेलरभोवती जमली, भावजय ओवाळायला आली. बायको मागच्या दारी खाट टाकून नदी बघत राहिली आणि तिथंच गेली.

दिवसकार्य झालं आणि मी त्याला धरमतरच्या धक्क्यावर गाठलं. "त्या दिवशी काय बोलत होता?"

"वैनीचं वैनीपाशी."

"माझी बायको होती ती!"

"व्हय. पण बोलणं तिचं व्हतं. सांगू नको म्हणालीय."

मी त्याला नाही नाही ते बोललो. मग बोलणंच टाकलं. माझ्या माणसाचं शेवटचं हसणं ह्याने आत बसून घेतलं, आणि मी बाहेर धूळ खात गाडी हाकली. कुणाला राग येणार नाही?

मग कळलं, तो अंथरुणाला खिळलाय. जन्मभर तोंडाला फडकं बांधून फायबर घासलं, त्यातली काचेची धूळ छातीत ओढली, दुसरं काय होणार? ज्यांच्या होड्या तरल्या, त्यांच्यातल्या एकालाही ह्याला धड मास्क द्यावासा वाटला नाही. मी गेलो. बरा आहेस का, वगैरे विचारलं नाही.

"आता तरी सांग."

त्याने फडक्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "तुमची नक्कल करत व्हती."

"माझी?"

"जीप चालू नाय झाली की तुमी तिला कशा शिव्या देता, आन् जीप तुमाला कशी उलटून बोलते. दोनी आवाज काढीत व्हती."

"मला कधी दाखवली नाय."

"दाखवली असती तर चिडला असताव."

मी तिथंच चिडलो. मग म्हटलं, "कर बघू. ती कशी करायची ते कर."

त्याने उशीवरून मान उचलली. दोन्ही हातांत नसलेलं स्टेअरिंग धरलं. ओठ पुढे काढले, अगदी तिच्यासारखे, ते मी ओळखले. आवाज काढायला गेला आणि खोकल्याने तो असा पिळवटला की त्याची बायको पाणी घेऊन धावत आली. तिने माझ्याकडे जे बघितलं, त्यानंतर मी उठलो.

त्या आठवड्यात तो गेला. ही काय जायची रीत झाली? एवढा संसार केला मी तिच्याबरोबर, आणि माझा आवाज तिच्या तोंडून कसा यायचा ते मला माहीत नाही. ऐकलेला एकच माणूस होता.

आता सकाळी जीप चालू झाली नाही की मी शिवी द्यायला तोंड उघडतो, आणि तसाच बसून राहतो.