सर एव्हरार्डनी लिहून दिलेले तुकडे

सर एव्हरार्ड किंसवुड आमच्या समरसेटचे जमीनदार. राजाचं डोकं उडवलं तेव्हा ते संसदेच्या बाजूने होते आणि नवा राजा आला तेव्हा सगळ्यांत मोठी शेकोटी त्यांच्याच टेकडीवर पेटली. वारा येईल तशी पाठ फिरवायचे, पण दुष्ट नव्हते. माझ्या लग्नात सायडरचं, सफरचंदाच्या दारूचं, पिंप त्यांनी स्वतः ढकलत आणलं होतं. मी टोबायस पिंचिन, त्यांच्या सफरचंदांचा घाणा चालवणारा.

तीनदा ते लंडनला बिनविरोध निवडून गेले. चौथ्यांदा शेजारचे गॉडार्ड हेल विरोधात उभे राहिले. मत फक्त स्वतःच्या नावावर जमीन असलेल्याला. म्हणून सरांनी शक्कल लढवली. आम्हा चाळीस कुळांना एकेक तुकडा मोहर लावून कायमचा लिहून दिला!

आणि त्याच वसंतात, सगळ्यांच्या गायी चरायच्या त्या गावाच्या कुरणाला कुंपण घालून ते स्वतःकडे घेतलं.

"गाय आता काय तुझा कागद खाणार?" बायको थॉमसिन कडाडली. "तो हेल कुंपण काढीन म्हणतोय. आणि तू सरांचं नाव घेणार?"

"अगं, त्यांचं मीठ खाल्लंय."

"कुरण गेलं तर मीठच खा मग!"

मतदान मैदानात, आवाजी. सरांच्या खर्चाने गोमांस आणि बिअर झाली. मग आम्हा चाळीस जणांना पुढे बोलावलं. आमच्यावरच निकाल होता. मी तोंड उघडलं ते सरांसाठीच, देवाशपथ! पण बाहेर आलं "हेल!" मी हबकलोच. आजूबाजूलाही सगळे हेलच ओरडत होते.

सर घोड्यावरून उतरले. चेहरा पांढराफटक.

"ए टोबी, जमीन कुणी दिली तुला?"

"तुम्हीच, सरकार."

"मग उद्याच्या उद्या चालता हो तिथून!"

कारभारी पुढे आला. "सरकार, आता नाही हाकलता येणार. ती त्याची आहे."

"त्याची?"

सर बघतच राहिले. या गावातली जमीन दुसऱ्या कुणाची असू शकते, हे त्यांच्या कधी मनातही आलं नसावं. माझ्याही नव्हतं. मग लगाम माझ्यापुढे धरला.

"मिस्टर पिंचिन, जरा घोडा धराल का?"

तीस वर्षं 'ए टोबी' ऐकलेला मी. घोडा धरला, पण वर बघायची हिंमत झाली नाही.