पाणी नको म्हणणाऱ्यांच्या कुमुदताई

कुमुदताईंशी माझी पहिली ओळख झाली ती मी त्यांच्याशी खोटे बोलताना. लग्न होऊन बडोद्यात आल्याला चारच महिने झाले होते. दांडिया बाजारातल्या त्यांच्या औषधांच्या दुकानात मी डोकेदुखीची गोळी मागितली. त्यांनी आधी पाण्याचा पेला पुढे केला. मी म्हटले, "पाणी नको." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, मला आतल्या स्टुलावर बसवले आणि हळू विचारले, "लघवीला जळजळ होते का?" मी नुसतीच रडले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला सगळे स्पष्ट बोलायला शिकवले होते. ह्या एका गोष्टीसाठी मात्र बोट वर करायचे आणि परवानगी मिळेपर्यंत दाबून धरायचे, एवढेच.

जळजळीच्या भीतीने बायका पाणी पिणे सोडतात, हे ताईंनी काउंटरमागे उभ्या राहून ओळखले होते. म्हणून येणाऱ्या प्रत्येक बाईला पाणी, आणि जी नको म्हणेल तिला स्टूल. मग प्रश्न: ताप आहे का, कुशीत दुखते का, रक्त जाते का, दिवस गेलेत का. चिठ्ठीशिवाय त्या अँटिबायोटिक देत नसत. जवळच्या डॉक्टरीणबाईंना स्वतः फोन करत, आणि चिठ्ठी घेऊन परतलेल्या बाईला बजावत, "बरं वाटलं तरी गोळ्या संपवायच्या. उरलेल्या जावेला द्यायच्या नाहीत."

पुढे त्याच दुकानात मी बावीस वर्षे काम केले. डभोईहून आलेली एक बाई मला अजून दिसते. सातवा महिना, अंग तापलेले. बस चुकेल म्हणून घाईने दोनच गोळ्या मागत होती. "बेन, बे गोळी आपो ने."

"बस बीजी मळशे," दुसरी बस मिळेल म्हणून ताईंनी तिला थांबवले. "पहेलां डॉक्टर."

त्यांनी मला तिच्याबरोबर पाठवले. दवाखान्याच्या दारात ती म्हणाली, नवऱ्याला विचारून उद्या येते. मी तिला जाऊ दिले. महिन्याने तिची जाऊ येऊन सांगून गेली, मूल राहिले नाही. ताईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यानंतर अशी बाई आली, की त्या दुकान माझ्यावर सोपवून स्वतः जात आणि तिची तपासणी होईपर्यंत दारातल्या बाकावर बसत.

दुकान बंद होऊन दोन वर्षे झाली. तिथे आता मोबाइलची कव्हरे मिळतात. ताई मांजलपूरला मुलाकडे असतात. त्यांच्या पंचाहत्तरीच्या ह्या गौरवग्रंथासाठी माहिती घ्यायला मी गेले, तेव्हा सूनबाईंनी दोघींना पाणी आणून ठेवले. ताईंनी पेला बाजूला सारला. "नको गं, आत्ताच प्यायले." त्यांचे ओठ कोरडे होते.

सूनबाई आत गेल्यावर मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"आठ दिवस झाले," त्या म्हणाल्या.

"घरात सांगितलंत?"

"सगळी दमून येतात. ह्या वयात हे काय सांगायचं?"

हात धरला तर तो तापलेला. त्याच संध्याकाळी त्यांना इस्पितळात हलवावे लागले. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. आता त्या घरी आहेत, पण चार पावलांत थकतात, मधेच नावे विसरतात. जन्मभर ज्यांनी आम्हाला बोलते केले, त्यांच्याही तोंडून ते शब्द आपणहून निघाले नाहीत. मग त्या स्टुलावर बसून आम्ही काय शिकलो? दुकान नाही, स्टूल नाही, आणि आजही कुठेतरी एखादी मुलगी डोकेदुखीची गोळी मागत असेल.

हे लिहू का, असे मी ताईंना विचारले. "लिही," त्या म्हणाल्या. "नाहीतर हार घालून मोकळे व्हाल."

कुमुदताईंना पुष्कळ वर्षे मिळोत आणि ती दुखण्यावाचून जावोत. समारंभाला त्यांना येता येईल की नाही, सांगवत नाही. आल्या, तर हाराआधी त्यांच्या हाती पाण्याचा पेला द्यावा आणि तो रिकामा होईपर्यंत कुणीतरी जवळ उभे राहावे. नको म्हणाल्या, तर मला हाक मारा. मी तिथेच असेन.