वाफेचा ड्रम आणि गयाअक्काची मूठ

ही हकीकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बायकोला सांगितली नाही, मुलाला नाही, निवृत्तीच्या समारंभात माझ्या कामाबद्दल लोक भरभरून बोलत होते तेव्हाही नाही. गेल्या महिन्यात सुनंदाचा फोन आला. "काका, आई पहाटे गेली," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "काय झालं होतं?" ती म्हणाली, "काही नाही, झोपेतच."  फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता सांगायचं कोणाला, असा तो विचार होता. शहात्तर वर्षांच्या माणसाने स्वतःबद्दल हे लिहावं का, मला कळत नाही. पण लिहायला बसलोच आहे, तर तेवढं तरी खरं लिहितो.

सुनंदाची आई म्हणजे गयाबाई. धुळ्याच्या ज्या तंबाखू कारखान्यात मी सुपरवायझर होतो, तिथे ती पानखात्यात होती. सगळा कारखाना तिला गयाअक्का म्हणायचा. कारखान्याचं नाव लिहीत नाही, तो आता बंदही झाला आहे. आमच्याकडे तंबाखूचं पान गठ्ठ्यांत दाबून यायचं, कोरडं, हात लावला तर तडकणारं. तसंच कापलं तर त्याची भुकटी होते. जास्त ओलं झालं तर पात्यांना चिकटतं आणि दोन दिवसांत बुरशी धरतं. म्हणून कापण्याआधी पान ऊब आणि दमट हवा देऊन मऊ करावं लागतं. हे काम चाळीसेक बायका करायच्या. जमिनीवर जाळीचे पत्रे, त्यांच्याखालून वाफेची नळी, वर पानांचे थर आणि थरांवर ओली गोणपाटं. बायका वाकून पान पसरायच्या, उलटायच्या, पुन्हा झाकायच्या. खात्यात शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि घसा धरायचा. नवी बाई आली की पहिला आठवडा ओकायची.

पान कधी तयार झालं हे गयाअक्का सांगायची. थरात कोपरापर्यंत हात घालायची, आतलं पान मुठीत दाबायची आणि मूठ हळूच उघडायची. पान लगेच ताठ झालं तर कच्चं. तसंच गोळा होऊन राहिलं तर जास्त झालं. सावकाश, एकेक घडी सोडत उघडलं तर कापायला द्यायचं. कच्चं असलं की ती म्हणायची, "पान आजून झोपेल शे. जागं व्हवू द्या." माझ्या सगळ्या नोकरीत तिचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. ती माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी होती. बौद्धवस्तीत राहायची, नवरा लवकर गेलेला, सुनंदा एकुलती एक. बहुतेक बायका त्याच वस्तीतल्या. सकाळी घोळक्याने यायच्या, संध्याकाळी घोळक्याने जायच्या आणि गयाअक्का त्या घोळक्याच्या मधोमध.

सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी शेठने गुजरातेतून एक यंत्र आणवलं. एका टोकाला पान टाकायची मोठी पेटी, तिच्या तळाशी खिळ्यांचा पट्टा. हा पट्टा गठ्ठा पिंजून पान थोडं थोडं पुढे सरकवायचा. पुढे आडवा, सावकाश फिरणारा लांब ड्रम आणि त्यात वाफेचे फवारे. पान ड्रममधून गडगडत, गरम होत पलीकडे पडायचं ते थेट कटिंगच्या पट्ट्यावर. चालवायला दोन माणसं पुरे. बसवायला आलेल्या मेकॅनिकने सगळं जोडलं आणि हात झटकले. म्हणाला, "वाफ किती सोडायची, पट्टा किती पळवायचा, ते तुमच्या पानावर आहे. तुमचं पान ओळखणारा माणूस कोण?" मी आणि शेठने एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच नाव होतं.

त्याच दिवशी शेठने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. दिवाळीनंतर पानखातं बंद करायचं. तोवर मशीनची सेटिंग पक्की झाली पाहिजे आणि बायकांना यातलं काही कळता कामा नये. मी "बरं" म्हणालो. तेवढंच म्हणालो. मला विचार करायला वेळ हवा होता असंही नाही. नोकरी टिकवायची होती आणि "बरं" म्हणायची सवय होती.

तीन आठवडे मी गयाअक्काला दुपारी मागच्या शेडमध्ये नेत होतो. मी वाफेचं चाक फिरवायचो, काट्यावरचा आकडा वहीत लिहायचो, पट्ट्याचा वेग लिहायचो. ती ड्रमच्या तोंडाशी उभी राहून पडणारं पान मुठीत घ्यायची आणि सांगायची... कच्चं, बरं, जास्त झालं. मी तिच्या शब्दापुढे आकडा मांडायचो. ज्या आकड्यांना ती दहापैकी दहा वेळा "बरं" म्हणाली, तिथे मी काट्यावर लाल रंगाची रेघ ओढली. बायकांना याची मजा वाटायची. कमलबाई म्हणून एक फटकळ बाई होती. ती एकदा दारातून डोकावून म्हणाली, "साहेब गयाना हात पाही राह्यना. गया, मालकीन कधी व्हशी ते इचारी ले." सगळ्या हसल्या. गयाअक्काही हसली आणि तिने हात माझ्यापुढे धरला. मीही हसलो.

दुसऱ्या आठवड्यात तिने मला सरळ विचारलं, "भाऊ, हाई कसाले लिखी राह्यनात?"

मी म्हणालो, "अक्का, वाफेचं काम मशीन करेल. तुमचा त्रास कमी व्हावा म्हणून."

"म्हनजे आम्हनी कंबर मोकळी व्हई."

"हो ना."

मला हे उत्तर कोणी शिकवलं नव्हतं. शेठने फक्त गप्प राहायला सांगितलं होतं, खोटं मी माझ्या पदरचं बोललो. त्या संध्याकाळी तिने ते सगळ्या बायकांना सांगितलं. मला नंतर कळलं की काहींना शंका आली होती, दोघीचौघी शेठकडे जाब विचारायलाही निघाल्या होत्या. गयाअक्कानेच त्यांना थांबवलं. भाऊ खोटं सांगणार नाही, असं ती म्हणाली.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी गेटवर कामावरून काढलेल्यांची यादी वाचायची वेळ आली. शेठ गावाला गेला होता. यादी मी वाचली. बायका डबे हातात घेऊन उभ्या होत्या.  पानखात्यातल्या सगळ्या बायकांची नावं यादीत होती, एक सोडून. गयाअक्काचं नव्हतं. पान बदललं की सेटिंग बदलावी लागेल, म्हणून शेठने तिला मशीनवर ठेवून घेतलं होतं. मला हे आदल्या दिवशीच माहीत होतं. यादी संपल्यावर तिने सगळ्यांसमोर विचारलं, "मनं नाव नही?" मी म्हणालो, "तू मशीनवर आहेस, अक्का." मला वाटतं, तिला काय घडलंय ते त्या क्षणी कळलं. बायकांना मात्र वेगळंच कळलं. तीन आठवडे मागच्या शेडमध्ये जाणारी ही, आम्हाला गप्प बसवणारीही हीच आणि यादीत नाव नाही तेही हिचंच.

गयाअक्का माझ्याकडे न बघता त्यांच्याबरोबर गेटबाहेर पडली. काम तिने तिथल्या तिथे सोडलं. पण घोळका पुढे गेला आणि ती मागे राहिली. तिने पावलं उचलली की पुढच्याही उचलायच्या. वळणावर कमलबाई थांबली आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "जा ना वं, तुना ड्रम वाट देखी राह्यना." मी गेटातच उभा होतो, वळण पन्नास पावलांवर होतं. पन्नास पावलं चालून जाऊन एकच वाक्य बोलायचं होतं, "हिला माहीत नव्हतं." मी यादीची घडी करून खिशात ठेवली आणि आत गेलो.

जानेवारीत थंडी पडली आणि लाल रेघ उपयोगाची राहिली नाही. पान ड्रममधून बाहेर पडताना वरून ओलं आणि आतून कोरडं. कटिंगला अर्धी भुकटी निघायची. आम्ही वाफ वाढवत गेलो तसं ते आणखी बिघडत गेलं. चार दिवसांनी शेठ म्हणाला, तिला घेऊन ये. मी वस्तीत गेलो. दुपारची वेळ होती. ओट्यांवर बायका बसल्या होत्या, त्यातल्या बहुतेक मी ओळखत होतो. गयाअक्काच्या ओट्यावर कोणी नव्हतं. मी काय म्हणून आलो ते सांगितलं. मला वाटलं ती दार लावून घेईल. तिने चप्पल घातली आणि निघाली. का आली, हे मला आजही नीट कळलेलं नाही. सगळ्या ओट्यांसमोरून ती माझ्याबरोबर चालत आली आणि ते सगळ्यांनी पाहिलं... याचा अर्थ तिथे काय लावला जाईल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. तिच्या आलं असणार.

ड्रमशी उभी राहून तिने दोन-तीन मुठी घेतल्या. म्हणाली, वाफ वाढवू नका, पट्टा सावकाश करा, थंडीत पानाला वेळ लागतो. तासाभरात पान नीट पडायला लागलं. तिने पदराला हात पुसले आणि शेडमध्ये इकडेतिकडे पाहिलं. "अठे आते कितल्या बाया शेतस?"

"बाई एकही नाही, अक्का. दोन माणसं आहेत."

 ती म्हणाली, "एक डाव वस्तीमा या, भाऊ. त्यास्ले सांगा, गयाले काय माहीत नव्हतं. मनं कोनी ऐकस नही."

मी म्हणालो, "रविवारी येतो."

त्या रविवारी मी गेलो नाही. पुढच्याही नाही. पहिली काही वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की शेठला कळलं तर नोकरी जाईल. ते खरंही होतं. नंतर शेठ वारला, मी निवृत्त झालो, कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हा घाबरण्यासारखं कोणी उरलं नव्हतं, तरीही गेलो नाही. आता उशीर झाला, आता जाऊन काय सांगायचं, एवढंच मनात यायचं. मधल्या काळात सुनंदाचं लग्न झालं. वस्तीतल्या लग्नात हळद दळायला सगळ्या बायका जमतात, गयाअक्काच्या घरी शेजारच्या दोघी सोडून कोणी आलं नाही, असं कानावर आलं. लग्नानंतर वर्षभरात तिने घर बंद केलं आणि मुलीकडे जळगावला, मेहरूण भागात गेली. तिथे डाळमिलमध्ये निवडायला बसायची, असं ऐकलं.

माझा मुलगा नोकरीसाठी जळगावला आला आणि त्याच्यामागे आम्हीही आलो. एकदा सकाळी मेहरूण तलावावर फिरताना ती समोरून आली. मी ओळख दाखवण्याआधीच ती म्हणाली, "भाऊ, किती वाळी गयात तुम्ही." घरी घेऊन गेली, चहा केला, जावयाचं कौतुक सांगितलं. त्यानंतर चार-पाच वर्षांत मी तिच्याकडे पंधरा-वीस वेळा तरी गेलो असेन. दर वेळी ठरवून जायचो की आज बोलायचं. ती तलावाच्या पाण्याबद्दल बोलायची, नातवाच्या शाळेबद्दल बोलायची. तिने त्या रविवारची एकदाही आठवण काढली नाही. तिने मला टोचून बोलायला हवं होतं, निदान विचारायला तरी... म्हणजे मला तोंड उघडता आलं असतं. पण हेही मी तिच्यावरच टाकतो आहे. तोंड माझं होतं.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुनंदाच्या घरापुढे छोटा मांडव होता. वंदना झाली. मग आलेल्यांनी दोन-दोन शब्द बोलावेत असं ठरलं. सुनंदा म्हणाली, "काका, तुम्ही आईला सगळ्यात आधीपासून ओळखता." मी उठलो, माइक हातात घेतला. म्हणालो, गयाअक्का कामाला फार हुशार होती, तंबाखूच्या पानाची तिच्याइतकी पारख कोणाला नव्हती. आणि खाली बसलो.

जेवणं उरकल्यावर मी चप्पल शोधत होतो, तेव्हा काठी टेकत एक म्हातारी पुढे आली. चेहऱ्यावरून ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं. कमलबाई. धुळ्याहून सकाळच्या एसटीने एकटी आली होती. मला बाजूला घेऊन तिने हळू आवाजात विचारलं, "साहेब, आते काय ते सांगा. तिले माहीत व्हतं का हो?"

मांडवात भांडी उचलत होते. सुनंदा दहा हातांवर उभी होती. माझ्या तोंडून निघालं, "आता त्याला किती वर्षं झाली, कमलबाई..."

 तिने मान हलवली, उत्तर मिळाल्यासारखी, आणि काठी टेकत रिक्षाकडे गेली. मी तिला हाक मारली नाही.

कमलबाई, तिला माहीत नव्हतं. तिला मी फसवलं आणि तुम्हा सगळ्यांना तिच्या तोंडून मीच फसवलं. हे मी पेपरात छापायला पाठवतो आहे. तुमच्या घरी पेपर येत असेल-नसेल, कोणी वाचून दाखवला तर ऐका आणि ज्या बायका उरल्या असतील त्यांना सांगा. धुळ्याला येऊन मीही सांगेन असं इथे लिहिणार होतो, पण ते आधीही एकदा बोललो आहे, म्हणून लिहीत नाही.

हे झालं तुम्हाला सांगायचं. तिला जे सांगायचं होतं, ते तिच्या घरी चहाचा कप हातात धरून मी वीस वेळा मनात जुळवलं होतं. सुरुवात नेहमी एकच असायची, "अक्का, माझं चुकलं." त्याच्या पुढे मी कधी गेलो नाही. तेवढंही मोठ्याने कधी बोललो नाही.