पांघरूणवाली

माणसाच्या आधी झाडाला पांघरूण घालणारी बाई आमच्या सूर्यमाळच्या पाड्यावर एकच होती, आणि ती माझी बायको होती. लोक तिला पांघरूणवाली म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मागं म्हणायचे आणि हसायचे. मीही हसायचो. मागच्या हिवाळ्यात ती गेली. आता कुणी म्हणत नाही आणि कुणी हसत नाही.

आमचं अंगण म्हणजे दोन बाजा टाकल्या की संपलं. मागं उतार, एका बाजूला शेजारच्या सोनीबायची भिंत. त्यातलं निम्मं अंगण हिनं अडवलं होतं. तुळस, गवती चहा, पुदिना, कोपऱ्यात अडुळसा, आणि फुटक्या घमेल्यात पानओवा. भाजीपाला म्हणाल तर एक मिरची नाही. मी म्हणायचो, "अगं, पोटाला लागतं असं काहीतरी लाव." ती म्हणायची, "पोटाला लागतं ते शेतात लाव. हे छातीला लागतं." पाड्यावर कुणाचं पोर खोकलं की तिच्याकडं यायचं, हे खरं. पण तेवढ्यासाठी ती त्यांना जपत नव्हती. तिला ती आवडायची, एवढंच. नवऱ्यापेक्षा जास्त आवडायची, हेही लिहून टाकतो.

दिवाळी सरली की आमच्या डोंगरावर वारा फिरतो. पहाटे गवतावर दहिवर असं पडतं की पाय बधिर होतात. जव्हारच्या लोकांना स्वेटर पुरतो, आम्हाला शेकोटी लागते. तेव्हा हिची कामं सुरू व्हायची. आधी तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडायच्या. मी विचारलं, फुलोरा आला तर बिचारीला बोडकी का करतेस? म्हणाली, "पोरं अंगावर असली की आईला थंडी जास्त बाधते. आधी पोरं उतरून घ्यायची." मग बुंध्याशी चुलीतली राख, वर भाताचा पेंढा. चार काठ्या रोवून त्यावर गोणपाट टाकायची, पण असं की पानाला पोतं शिवता कामा नये. शिवलं की मलाच बोलायची. "तुझ्या तोंडावर ओलं पोतं टाकू का?"

पाणी संध्याकाळी घालायचं नाही हा तिचा कायदा. उन्हं चढल्यावर भांड्यांचं पाणी घालायची, तेही बोटं बुडवून बघून. एकदा मी शेतावरून आलो आणि चांगलं काम म्हणून संध्याकाळी दोन तांबे ओतले. तिनं माझं बखोट धरलं. "परकाशच्या बा, ओले पाय घेऊन तू रात्रभर झोपशील का?" प्रकाश आमचा मुलगा. त्याच्या नावानंच ती मला हाक मारायची. मी म्हटलं, नाही झोपणार. म्हणाली, "मग त्यांना का झोपवतोस?" आणि हातानं सगळी ओली माती उकरून काढून कोरडी घातली. तिच्याशी वाद घालून कधी जिंकलो असेन तर मला आठवत नाही.

पानओव्याचे तर लाडच होते. त्याची पानं जाड, पण थंडी लागली की काळी पडून लोंबतात. म्हणून दिवेलागणीला ते घमेलं उचलून घरात यायचं, थेट चुलीजवळ. ती जागा माझी होती. मी सरकून दाराशी झोपायचो. सोनीबायनं हे बघितलं आणि सगळ्या विहिरीवर सांगितलं, "झाडाला चूल आणि नवऱ्याला वारा!" आमची ही हंडा भरता भरता म्हणाली, "सोने, झाड थंडीनं मरतं. नवरे नाय मरत. तुझा बघ, कसा अजून हाय." सोनीबाय इतकी हसली की तिचा हंडा कलंडला. दोघींचं रोज भांडण व्हायचं. सोनीबायची शेळी कुंपणातून तोंड घालायची म्हणून. शेळीचं नाव घेऊन ही जे बोलायची ते सगळं सोनीबायला लागायचं, आणि सोनीबायही शेळीलाच सांगायची, "चल गं बाय, इथं मोठ्या लोकांचा बाग हाय."

मागच्या थंडीत तिचे पाय सुजले. चार पावलं चालली की बसायची. धाप लागायची. गोणपाट एका काठीवर टाकायची, दम खायची, मग दुसऱ्या काठीवर. मी हात लावला तर हाकलायची. प्रकाश जव्हारला कारकून आहे. तो जीप करून आला. म्हणाला, "आई, चल. तिथं डॉक्टर आहे, गरम पाणी आहे." ती म्हणाली, "थंडी सरू दे, मग येते." तो रडकुंडीला आला. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, झाडपाल्यासाठी मरतेस का? तिनं हातातलं गोणपाट खाली ठेवलं. मग म्हणाली, "जाते. पण तू यायचं नाय. तू इथं राहायचं. मी परत येईन तेव्हा मला सगळी जिवंत पाहिजेत."

जीपमध्ये बसतानाही सांगत होती. पोतं टेकवू नको. ऊन आल्याशिवाय काढू नको. ऊन आल्यावर ठेवू नको, घाम येऊन कुजतील. ड्रायव्हर हसला. मी म्हटलं, जा आता.

घरात रेंज नाही. शाळेच्या वरच्या टेकाडावर येते. रोज सकाळी मी फोन घेऊन तिथं चढायचो. ती आधी विचारायची, "पानओवा आत घेतला होतास?"

"घेतला होता. तुझ्या छातीचं सांग."

"छाती हाय जागेवर. पुदिना पिवळा पडला का?"

"नाही पडला. डॉक्टर काय म्हणतो?"

"तो म्हणतो, मीठ खाऊ नको. जेवणाला चव नाय, माणसं दार लावून बसतात. तुळशीचं काय?"

एकदा मी म्हटलं, मी येऊ का तुला बघायला? एक दिवस सोनीबाय झाकील. तर म्हणाली, "सोनी? तिची शेळी झाकील! आलास तर दार उघडणार नाय." पण आवाज आत गेला होता. पूर्वीसारखा लागत नव्हता. माझ्या लक्षात आलं होतं. मी गेलो नाही. तिला झाडं जिवंत पाहिजे होती, आणि मला ती परत यायला पाहिजे होती. मला वाटायचं, इकडं एकही पान काळं पडलं नाही, तर तिकडं तिलाही काही होणार नाही. अडाणी माणसाचा हिशोब. पण मी तो मनापासून धरला. कधी झाकलं नाही, उघडलं नाही, असं झालं नाही. थंडी त्या वर्षी वाईट होती. सोनीबायच्या वालाची पानं करपली. आमच्याकडं सगळं हिरवं होतं.

एके सकाळी टेकाडावर फोन लागला तर प्रकाश बोलला. मी म्हटलं, "तिला दे. तिला सांग, तुळशीला नवी पालवी आली." तो नुसतं "बाबा" म्हणाला. मी म्हटलं, "अरे दे की तिला." मग तो म्हणाला, "बाबा, पहाटे गेली आई. आम्ही घेऊन येतो."

मी खाली आलो. ऊन अंगणात उतरत होतं. मी गोणपाटं काढली, पेंढा बाजूला केला, पानओव्याचं घमेलं उचलून बाहेर उन्हात ठेवलं. पाड्यावरची माणसं जमायला लागली होती. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, बायको मेली आणि पोती काढतोय. सोनीबाय त्याच्यावर खेकसली, "गप रे! तिचं काम हाय ते." मग ती माझ्या शेजारी बसली आणि मोठ्यानं रडली. मला रडू आलं नाही.

दुपारी गाडी आली. तिला अंगणातच ठेवली, दुसरी जागा कुठं होती? सगळ्या पाड्यांवरून माणसं आली. ज्यांच्या पोरांना तिनं काढा दिला ती आली, ज्यांना शिव्या दिल्या तीही आली. एवढंसं अंगण. मागं उतार, बाजूला भिंत. माणसं उभी राहणार कुठं? आधी एक बाई झाडांच्या काठावर सरकली. मग दुसरी. मग सगळेच. कुणी मुद्दाम केलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यांचे डोळे तिच्याकडं होते. पुदिना दिसेनासा झाला. गवती चहा आडवा झाला. तुळस मोडलेली मी ऐकली. घमेलं कलंडलं.

मी बघत होतो. ओरडावं असं आलं होतं तोंडाशी. ती असती तर एकेकाला हाताला धरून बाहेर काढलं असतं. मी नाही ओरडलो. तिच्यासाठीच आली होती ती माणसं.

मग वास सुटला. माणसं हलली की सुटायचा, थांबली की थोडा बसायचा. गवती चहाचा, पुदिन्याचा, ओव्याचा, एकात एक. रडणाऱ्या बायका मधेच थांबून खाली बघायला लागल्या. कुणीतरी पाय उचलला, पण ठेवायला जागा नव्हती, परत तिथंच ठेवला. त्या वासातच तिला उचलली.

परत आलो तेव्हा उन्हं गेली होती. अंगणात चिखल आणि पाला. वारा सुटायला लागला होता. मी पेंढा गोळा केला. मोडलेल्या काठ्या सरळ केल्या, रोवल्या. प्रकाश दारात उभा होता. म्हणाला, "बाबा, काय करताय? काय राहिलंय त्यात झाकायला?"

मी गोणपाट उलगडलं. म्हटलं, "त्या बाजूनं धर. पानाला टेकवू नको."

तो आला आणि त्यानं धरलं.