सलीमभाईंचा रविवारचा वर्ग

सलीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली उताणा पडलेलो होतो. त्यांचा मेहुणा बोलत होता. "दत्ताभाऊ, सलीमभाई नही रहे..." मी बाहेर सरकलो, हात पुसले, आणि मनात पहिला विचार काय यावा? तर, आता शनिवारी कोणाला फोन करायला नकोत. त्या विचाराची मला तेव्हाही लाज वाटली, दीड महिन्यानंतर आजही वाटते. पण तो का आला हे लपवून सलीमभाईंबद्दल चार चांगले शब्द लिहायचे, तर मग न लिहिलेलं बरं.

नाशिकच्या आमच्या गॅरेजवाल्यांच्या संघटनेचे ते अध्यक्ष, मी चिटणीस. अशी संघटना एरवी काय करते? वर्षातून एक जेवण, भिंतीवर लावायला एक कॅलेंडर, आणि कोणाच्या गॅरेजपुढचा पत्रा काढायला अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की महापालिकेत जाऊन आरडाओरडा. सलीमभाईंनी मात्र सभासदांना शिकवायचंच असं डोक्यात घेतलं. गाड्यांत जिकडेतिकडे सेन्सर आणि वायरी आल्या होत्या, आणि आम्ही अजून इंजिनाला कान लावून दुखणं ओळखत होतो. द्वारका चौकाजवळ एका स्पेअर पार्टच्या दुकानावरची खोली त्यांनी मिळवली आणि दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. अडचण एकच होती. मेकॅनिकइतका हट्टी माणूस सापडायचा नाही, 'मला हे येत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून मेला तरी निघत नाहीत. त्यावर त्यांनी नियम काढला. वर्गाला रिकाम्या हाताने यायचं नाही. आपल्याच हाताने वाया गेलेला एक पार्ट आणायचा, टेबलावर ठेवायचा, आणि चूक काय झाली ते सगळ्यांसमोर सांगायचं. मग सलीमभाई ती चूक का होते ते समजावणार, आणि तोच त्या दिवसाचा धडा.

पहिल्या रविवारी कोणी तोंड उघडेना. तेव्हा त्यांनी स्वतःच खिशातून वाकलेले दोन व्हॉल्व्ह काढले. "टायमिंग बेल्ट बसवताना एक दात चुकला माझा, इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकले. गिऱ्हाइकाला सांगितलं, कंपनीचा माल खराब होता. झूठ बोललो मी." खोलीत हशा झाला, आणि मग निफाडचा एक जाडजूड गॅरेजवाला उठला. त्याच्या पिशवीत गाडीचा जळालेला कॉम्प्युटर होता. बॅटरीची वायर न काढता त्याने चेसिसला वेल्डिंग केलं होतं. "लय वर्षं झाली. घरीबी कोनाला सांगितलं नाय," म्हणाला आणि मटकन खाली बसला. सलीमभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खडू घेऊन फळ्याकडे वळले. त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत हललो नाही.

तीन-चार वर्षं बरी गेली. पुढे गाड्या कंपनीच्या वर्कशॉपकडे जाऊ लागल्या, कोणी गॅरेज बंद करून तिथे टायरचं दुकान टाकलं, कोणी सरळ रिक्षा घेतली. खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. ते येत नाहीत तर आपण जाऊ, असं म्हणत सलीमभाई स्कूटरवर गाडीचा बिघाड दाखवणारा स्कॅनर बांधून दिंडोरीला, कळवणला जायचे, रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याला गाठून शिकवायचे. त्यांचं वय झालं होतं. छातीत दुखायचं. डॉक्टरांनी महिनाभर घरी बसायला सांगितलं, तर हे म्हणाले, "वर्गाला लोक येतात, त्यांना काय सांगू?" लोक कसे येत होते ते फक्त मला माहीत होतं. शनिवारी बसून मी एकेकाला फोन करायचो. "ये बाबा, तासभर बस, म्हाताऱ्याला बरं वाटेल." ते यायचे, मोबाइल बघत चहा प्यायचे आणि जायचे. सलीमभाई मन लावून शिकवायचे... मी मागे बसून हजेरी घ्यायचो.

शेवटच्या रविवारी वर्ग संपल्यावर ते फळा पुसता पुसता थांबले. "दत्ता, खरं सांग यार. लोक मनाने येतात, का तू फोन करून बोलावतो?" मी म्हणालो, "मनाने येतात, सलीमभाई." त्यांचा चेहरा खुलला. "मग ठीक आहे. मंगळवारी कळवणला जाऊन येतो." ते गेले, आणि परत येताना वाटेत स्कूटर बाजूला लावून बसले ते उठलेच नाहीत. सलीमभाईंची बायको, आमच्या भाभी, मला काही बोलल्या नाहीत. त्यांना ठाऊकच नाही. मी खरं सांगितलं असतं तर ते दुखावले असते, चार दिवस माझ्याशी बोलले नसते, पण घरी बसले असते. आता कितीही पांघरूण घातलं तरी हे काही बदलत नाही.

दफनानंतरच्या शनिवारी मी कोणालाही फोन केला नाही. रविवारी खोली आवरून मालकाला किल्ली द्यायची म्हणून गेलो. जिन्याशी एक चाळिशीचा माणूस उभा होता, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. दिंडोरीकडचा. सलीमभाई त्याच्याकडे येऊन गेले होते, ते गेल्याचं त्याला कळलं नव्हतं. मी सांगितलं. तरी तो वर आला आणि टेबलावर फडकं सोडलं. इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर चालवणारा कंट्रोलर, जळालेला. "वायरी उलट्या लागल्या नाय भाऊ, म्या दोनदा पाह्यलं. तरी जळला. कशापायी जळला?"

मी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. माझा सगळा जन्म डिझेल इंजिनात गेला. "मला हे येत नाही," मी म्हणालो.

"मंग कोनाला येतं?"

संघटनेची अख्खी यादी मी मनातल्या मनात चाळली. एकही नाव पुढे येईना. त्याने कंट्रोलर पुन्हा फडक्यात बांधला आणि विचारलं, "फुडच्या रविवारी येऊ का?"

"नको," मी म्हणालो. तो जिना उतरेपर्यंत मी तिथेच उभा होतो. इतक्या महिन्यांत वर्गाला मनाने आलेला तो एकटाच.