बायकोच्या वाटची हवा

मे १९८४, चिखलदरा. हजर: मी, हे आणि दोन्ही मुली.

पॉइंटावरच्या बाकावर परभणीजवळच्या झरीचे एक शेतकरी रोज सकाळी डोळे मिटून मोठे श्वास घेत बसलेले असायचे. शेवटी मी विचारलंच.

"डॉक्टरनं मालकिणीच्या खोकल्याला डोंगराची हवा सांगितली. ती म्हशी सोडून येईना, मग मीच आलो."

"अहो, पण हवा त्यांनीच घ्यायला हवी."

"तिचा नवस मी फेडलेला देवाला चालतोय की, ताई."

आम्ही परभणीला घरी परत निघालो तेव्हा ते म्हणाले, "तुमी परभणीलाच जायलाव. झरीला जाऊन तिचा खोकला कमी झाला का बघा अन् कळवा. तवर मी हितंच बसतो."

घरी आल्यावर लोणची, पाहुणे, मुलींच्या शाळा सुरू झाल्या. झरीला जायचं अजून राहिलं आहे.