साडभावाच्या स्पीकरचा लाल दोरा

माझा अ‍ॅम्प्लिफायर अकरा किलोचा आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणते, "झालं सुरू." नागपूरच्या जुन्या बाजारातून तो मी घेतला आणि एसटीत मांडीवर ठेवून आमच्या गावी, सावलीला आणला. मूल गाव येईपर्यंत पायाला मुंग्या आल्या, पण खाली ठेवला नाही. स्पीकरचे खोके इथल्याच सुताराकडून सागवानाचे करून घेतले. शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक असल्यामुळे तारांची कामं माझी मीच करतो. सावलीत गाणं ऐकायचं तर माझ्याकडे, असं मला वाटायचं. लोकांना वाटायचं की नाही, कोणाला विचारलं नाही.

आमच्यासारख्या खिसा पाहून शौक करणाऱ्यांना तसं फार काही नको असतं. गाणं थांबल्यावर मागून गुंऽऽ असा आवाज येऊ नये. आवाजाचं बटण फिरवताना हाताला जरा वजन लागावं. खोक्यावर लिहिलेले वॉट खरे असावेत, नाहीतर आवाज वाढवला की चांगली गाणारी बाई भांडायला उठल्यासारखी वाटते. आणि मुख्य म्हणजे गाणारा मधोमध बसला पाहिजे. स्पीकर डाव्या-उजव्या हाताला, आणि आवाज मात्र मधल्या रिकाम्या भिंतीतून यावा. ज्याच्या घरी हे जमलं, त्याच्यापुढे बाकीच्यांनी गप्प बसावं.

माझ्याकडे गाणारा बसायचा, पण जरा अंग चोरून. सागवान खणखणीत वाजायचं आणि गाणाऱ्याच्या आवाजात आपलाही आवाज मिसळायचं. हे मला माहीत होतं. मान्य कोण करतो!

आरमोरीचे माझे सासरे झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवायचे. धानाची कापणी झाली की गावोगाव मंडप पडायचे आणि म्हातारा पहाटेपर्यंत पेटीवर. कान असा तयार, की भांडं पडलं तरी सूर सांगायचे. ते कौतुक करत नसत. माझ्याकडे पाच वर्षांत एकदाच म्हणाले, "जावईबापू, बरा आहे." तेवढ्यावर मी आठ दिवस हवेत होतो.

आणि मग साडभावानं अ‍ॅम्प्लिफायर घेतला.

साडभाऊ म्हणजे माझ्या साळीचा, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात क्रशरवर आहे. दिवसभर चुनखडी फुटते तिथं उभा राहणारा माणूस, याला गाण्यातलं काय कळणार, असं माझं पक्कं मत. त्यानं मोबाइलवरून जेवणाच्या डब्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर मागवला. सोबत प्रीअँप, म्हणजे बारीक आवाज जरा दमदार करून पुढे देणारी छोटी डबी. तिच्यावर काचेच्या दोन नळ्या, लावल्या की दिव्यासारख्या पिवळ्या होणाऱ्या. सगळं मिळून माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या एका कोपऱ्यात मावलं असतं. मी मनातल्या मनात हसलो.

एका रविवारी आम्ही सगळे तिथं जेवायला गेलो. सासरेही होते. जेवण झाल्यावर त्यानं गाणं लावलं.

काय सांगू! गाणारा आला आणि समोरच्या भिंतीत मांडी घालून बसला. तबला त्याच्या डावीकडे, पेटी उजवीकडे. मागे गुं नाही, सूं नाही. सासरे पुढे सरकले. डोळे मिटले. बोटं मांडीवर पेटी वाजवायला लागली. गाणं संपल्यावर म्हणाले, "वा! इथी बसला आहे गडी. अगदी समोर."

वा! मला पाच वर्षांत 'बरा आहे', आणि याला पहिल्याच दिवशी वा! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. सुपारी चघळत मी म्हणालो, "कॉलनीतली लाइट चांगली आहे तुमची. त्याचा फरक पडते." साडभाऊ आपला भोळा. म्हणाला, "हौ ना भाऊ, तसंच असन."

थोड्या वेळानं तो सासऱ्यांना घेऊन चौकात पान खायला गेला. बायका आत. खोलीत मी आणि ती डबी. मी उजव्या स्पीकरच्या मागे वाकलो, फक्त पाहायला. त्यानं साधी घरगुती वायर लावली होती, दोन्ही तारा काळ्या. कोणती तार लाल खुणेच्या पेचात जाते ते कळावं म्हणून तिला साळीच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा बांधला होता. छान गाठ मारलेली.

एका स्पीकरच्या तारा उलट्या केल्या की आवाज येतच राहतो. बिघडल्यासारखा वाटत नाही. फक्त मधला गाणारा उठून जातो आणि ढोलकीतला दम जातो. हे मला माहीत होतं. त्याला नव्हतं. मी दोन्ही पेच सैल केले, तारा बदलल्या. आणि दोरा? दोराही सोडला आणि दुसऱ्या तारेला बांधला. तशीच गाठ मारली.

ते परत आले. सासरे म्हणाले, "लाव बरं तेच." त्यानं लावलं. सासऱ्यांनी मान इकडे केली, तिकडे केली. "काऊन रे, गडी उठून गेला का?" मी कपातला थंड चहा मोठ्या चवीनं प्यालो.

नंतर त्याचे फोन सुरू झाले. भाऊ, स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले, फरक नाई. भाऊ, प्रीअँपच्या नळ्या बदलल्या, फरक नाई. वायर पाहिली, दोरा बरोबर जागी आहे. दर वेळी मी डॉक्टरसारखा हं, हं करायचो आणि शेवटी म्हणायचो, "स्वस्तातला माल आहे, किती दिवस चालन!" फोन ठेवल्यावर जेवण गोड लागायचं. खोटं कशाला बोलू?

चार महिन्यांनी तो सावलीला आला. हातात कापडी पिशवी. आत अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रीअँपची डबी. स्पीकर तेवढे घरी ठेवले होते.

"तुमी ठेवा भाऊ," तो म्हणाला.

"काऊन? बिघडला?"

"तो नाई बिघडला. माहे कान बिघडले." तो खाली पाहून बोलत होता. "पहिल्या दिवशी गाणारा दिसे. आता दिसतच नाई. क्रशरनं खाल्ले कान. कंपनीत कानाची तपासणी होती, मी सुट्टी टाकून घरी राह्यलो. चिठ्ठीत लिहून आलं तं कामावरून काढतीन. घरी सांगितलं नाई अजून. तुमाले कळते म्हणून तुमाले सांगून राह्यलो."

मी काहीतरी बोललो. वय, थकवा, होतं असं. पिशवी घेतली. घेतली मी ती!

तो गेल्यावर त्याचा अ‍ॅम्प्लिफायर आणि ती डबी मी माझ्या स्पीकरला लावली. माझ्या सागवानी खोक्यांतूनसुद्धा गाणारा येऊन मधोमध बसला. पुढच्याच आठवड्यात सासरे आले. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "वा!" पाच वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, तो शब्द. मग चष्मा काढून म्हणाले, "तो लहाना जावई माझ्याजवळ रडला. त्याच्यापुढं आता गाण्याचं नाव काढू नका." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोनं दोनदा विचारलं, काय झालं. सांगायला तोंड होतं कुठे?

रविवारी ती पिशवी मांडीवर घेऊन गडचांदूर गाठलं. त्याला म्हणालो, "बसा समोर." डबी लावली. उजव्या स्पीकरच्या मागे गेलो, पेच सैल केले, तारा बदलल्या. दोऱ्याची गाठ सुटता सुटेना, इतकी घट्ट मी मारली होती. शेवटी दातांनी सोडवली. गाणं लावलं.

तो बसल्या जागी ताठ झाला. हात हळूच वर उचलून समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "आला," म्हणाला. "भाऊ, आला."

मी गाणं बंद केलं. "तार मीच उलटी केली होती. त्या रविवारी, तुमी पान खायला गेलते तवा. दोराही मीच बदलला. बाबा तुमच्या डबीले वा म्हणाले, ते माझ्यानं पाहावलं नाई."

शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, मी तयार होतो. त्यानं अगदी हळू विचारलं, "म्हणजे माहे कान चांगले आहेत?"

"चांगले आहेत."

"खरंच?"

"माझ्याहून चांगले आहेत."

तो उठला आणि आत धावला. "अवो, इकडं ये! माहे कान साबूत आहेत, काहीच झालं नाई!" साळीला कशातलं काही माहीत नव्हतं. पिठाच्या हातानं ती बाहेर आली, त्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि पुन्हा गाणं लावलं. माझ्यावर रागवायचं त्याला सुचलंच नाही. मी स्पीकरच्या मागे, पेचकस हातात, तसाच बसून होतो. त्या माणसाचा चेहरा पाहिला आणि अंगाची पुन्हा तशीच लाही लाही झाली. एवढा आनंद माझ्या अकरा किलोनं मला एक दिवससुद्धा दिला नव्हता.